१४४१६ ला रात्री अडीचला फोन लावला त्याबद्दल
बाबा गेल्यावर आठ महिने धड झोप नाही, घरचे म्हणायचे सावर आता, म्हणून एका रात्री टेली मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन लावला, सरकारी म्हणून आधी नाकच मुरडलं होतं खरं तर. २०२२ पासून चालूये, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या ताईंनी उपदेश नाही केला, बाबांचा चष्मा अजून टीव्हीशेजारीच ठेवलाय म्हटलं तर म्हणाल्या, राहू दे की. तिथेच रडले. नंतर समुपदेशन सुरू केलं, पहिल्या बाई सारख्या घड्याळ बघायच्या, सोडलं, दुसऱ्यांशी जमलं. जादू वगैरे नाही हां, अजूनही दिवस वाईट जातात. पण परवा बाबांची स्कूटर मीच किक मारून बाहेर काढली, दोनदा बंद पडली तरी.