थाई करीची पेस्ट: डब्यातली आणायची की घरी वाटायची?

हॉटेलात ग्रीन करी खाल्ली, आवडली, आता घरी करून बघायचीय. दुकानात गेलात की शेल्फवर हिरवी, लाल, पिवळी, मसामन अशा चार पेस्ट आणि शेजारी नारळाच्या दुधाचे तीन प्रकार, आणि व्हिडिओ बघून घरी करायची म्हटली तर गलांगल, लेमनग्रास, मकरूट लिंबाची पानं, श्रिंप पेस्ट अशी यादी येते की अर्धे लोक तिथेच नाद सोडतात. म्हणून दोन्ही पर्याय शेजारी-शेजारी ठेवून लिहितेय. माझं मत आधीच सांगून टाकते: लाल पेस्ट खुशाल विकत आणा, हिरवी मात्र घरी वाटा.

सरसकट "घरचं ते चांगलं" असं मी म्हणणार नाही, कारण या दोन पेस्टचा स्वभावच वेगळा आहे. लाल पेस्ट सुक्या मिरचीची असते. सुकी मिरची, लसूण, मीठ हे सगळं टिकणारं सामान, त्यामुळे डब्यात महिनोन्महिने राहूनही तिची चव बऱ्यापैकी शाबूत असते. हिरवीची सगळी मजा ताज्या मिरचीत, कोथिंबिरीच्या मुळांत आणि लिंबाच्या सालीच्या वासात असते, आणि नेमकं तेच डब्यात सगळ्यात आधी मरतं. डबा टिकावा म्हणून तो गरम प्रक्रियेतून जातो, मीठही भरपूर असतं, त्यामुळे उघडल्यावर रंग शेवाळी दिसतो आणि वास येतो तो मुख्यतः मीठ-लसणाचा. खाण्यालायक असते, पण जी करी आठवून तुम्ही दुकानात गेलात ती ही नव्हे.

आता डब्याच्या बाजूने जे आहे तेही नीट मांडते. वेळ वाचतो हे तर उघड आहे, पण त्याहून मोठा फायदा असा की ज्याने ही करी कधी केलीच नाही त्याला चवीचा एक अंदाज मिळतो, तिखट किती, खारट किती, गोड कुठे, हे जिभेला कळलं की मग घरी वाटताना हात बरोबर चालतो. थाई ब्रँडमध्येही फरक आहेत. मेसरीचे 114 ग्रॅमचे छोटे टिन येतात, एका कुटुंबाच्या दोन वेळच्या करीत संपतात, उघडून पडून राहत नाहीत. मे प्लॉयचा 400 ग्रॅमचा टब येतो, तो बऱ्यापैकी खारट असतो, म्हणजे त्या करीत फिश सॉस किंवा मीठ अगदी शेवटी, चव बघूनच घालायचं. टब उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवायचा आणि चमचा कोरडाच घालायचा, लोणच्याच्या बरणीचा नियम. आणि पाठीमागची यादी वाचा, त्यात ज्याचं वजन जास्त ते आधी लिहिलेलं असतं. मिरची, गवती चहा (यादीत लेमनग्रास म्हणून), लसूण पहिल्या तिघांत असतील तर चांगलं. पाणी, साखर, तेल पहिल्या ओळीत दिसलं तर तो डबा परत शेल्फवर ठेवून द्या.

शाकाहारी घरांसाठी यादी वाचणं तर मस्टच आहे. बऱ्याच थाई पेस्टमध्ये कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते, पुढे चित्र भाज्यांचं असलं तरी. शाकाहाराची खूण आणि अॅलर्जीची ओळ दोन्ही बघा. इथे घरी वाटण्याचा फायदा थेट दिसतो, कारण आत काय गेलंय ते तुम्हाला माहीत असतं.

घरची हिरवी पेस्ट अवघड वाटते ती सामानाच्या नावांमुळे, आणि मला कळकळीने सांगायचंय ते हेच, की महाराष्ट्रातल्या घरात या यादीतलं निम्म्याहून जास्त सामान आधीच असतं. लेमनग्रास म्हणजे आपला गवती चहाच. आपण पाती चहात टाकतो आणि खालचा दांडा फेकतो किंवा कापतच नाही, थाई लोक नेमका तो दांडाच वापरतात. मुळाजवळचा फिकट, किंचित जांभळट भाग, साधारण चार बोटं, वरची दोन-तीन कडक आवरणं काढून टाकायची. मग आडव्या अगदी पातळ चकत्या करायच्या, कागदासारख्या, कारण त्याचे धागे उभे असतात आणि मिक्सर ते तोडत नाही, ते नंतर दातात येतात. कुंडीतला गवती चहा बारीक असतो, बाजारातल्या जाड दांड्याच्या जागी तीन-चार घ्यावे लागतात. कोथिंबिरीची मुळं तर आपल्याकडे जुडीबरोबर फुकट येतात. परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांना बरेचदा मुळं कापलेली जुडी मिळते, त्यांनी जाड देठं वापरावीत. मुळं खरवडून, दोन-तीन पाण्यांत धुवायची, माती फार असते, आणि ती घातली की पेस्टला जो मातकट-गोडसर वास येतो तो नुसत्या पानांनी येत नाही.

श्रिंप पेस्टच्या जागी जवळा. थायलंडमधली पेस्ट ज्या बारीक जीवांपासून करतात ते आपल्या जवळ्याच्याच जातकुळीतले, फरक एवढाच की तिकडे मीठ लावून आंबवतात आणि इकडे वाळवतात. चमचाभर जवळा कोरडा भाजायचा, खमंग वास सुटला की पूड करून पेस्टमध्ये. आंबवलेल्याचा खोल वास येत नाही, पण तळाशी जो समुद्राचा खारेपणा लागतो तो येतो. शाकाहारी असाल तर जवळ्याच्या जागी थोडा सोया सॉस करीत घाला आणि मीठ तेवढं कमी करा.

साखरेचंही तसंच. तिकडे ताडाची किंवा माडाची साखर घालतात. गोव्यात माडाचा गूळ मिळतो, काळसर, थोडा धुरकट वासाचा, तो मिळाला तर त्याच्याइतकं जवळचं दुसरं काही नाही. नसेल तर ताडगूळ, तोही नसेल तर साधा गूळ, पण कमी, कारण उसाच्या गुळाची स्वतःची चव पुढे येते.

अडतं ते दोन ठिकाणी. पहिलं गलांगल, म्हणजे आल्यासारखी दिसणारी एक मुळी. आयुर्वेदिक दुकानात कुलिंजन म्हणून सुकी मुळी मिळते, गवई घशासाठी चघळतात तीच. पण सुकी मुळी लाकडासारखी कडक असते, कोमट पाण्यात तासन्तास भिजवून मग किसायची आणि तरी ताज्याचा तो पाइनसारखा, थोडा कापराकडे जाणारा वास अर्धाच मिळतो. "आलं घाला" असं सगळीकडे लिहिलेलं असतं, माझं मत उलट आहे, आलं भरपूर घातलं की करी आपल्या आलं-लसूण वाटणाच्या रश्श्याकडे झुकते. अगदी पेराएवढं घाला नाहीतर सोडून द्या. दुसरं म्हणजे मकरूट लिंबाची पानं, एका देठावर एकापुढे एक अशी दोन पानं जोडलेली असतात, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी. याला खरा पर्याय नाही. ईडलिंबाचं कोवळं पान किंवा हिरव्या लिंबाची किसलेली साल चालून जाते, पण ती दुय्यमच. म्हणून या सगळ्यात पैसे खर्च करायचेच असतील तर महागड्या डब्यावर नको, या पानांवर करा. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये परदेशी भाज्यावाल्यांकडे मिळतात, इतर शहरांत ऑनलाइन, आणि फ्रीजरमध्ये पिशवीत घालून ठेवली तर कित्येक महिने वास टिकतो. डब्यातली पेस्ट वापरली तरी वरून दोन पानं चुरगाळून टाकली की तीच करी एकदम जिवंत होते, त्यामुळे ही पानं दोन्ही पर्यायांत उपयोगाची.

प्रमाण सांगते, चार माणसांना पुरेल असं: हिरव्या मिरच्या 12 ते 15 (निम्म्या लवंगी, निम्म्या साध्या, लहान मुलं असतील तर सगळ्या साध्या आणि बिया काढून), गवती चहाचे दोन जाड दांडे, कोथिंबिरीची 4-5 मुळं आणि मूठभर पानं रंगासाठी, लसणाच्या 7-8 पाकळ्या, सांबारात घालतो ते छोटे कांदे चार, गलांगल असेल तर दोन चकत्या, चमचाभर धने, अर्धा चमचा जिरं, पांढरी मिरी दहा-बारा दाणे, एका हिरव्या लिंबाची वरवर किसलेली साल, पांढरा भाग न येऊ देता. धने-जिरं कोरडं भाजून मिरीबरोबर आधी पूड करायची, मग मिठाबरोबर गवती चहा आणि मुळं, मग मिरची, शेवटी ओलसर लसूण-कांदा आणि जवळा. कडक आधी, मऊ नंतर. खलबत्ता असेल तर त्यातच करा, ठेचल्याने तेल सुटतं आणि वास जास्त येतो, वीसेक मिनिटं हात चालवावा लागतो. मिक्सरमध्ये करायची तर चटणीच्या लहान भांड्यात, पाणी न घालता, फिरत नसेल तर नारळाचं दूध दोन चमचे. पाणी घातलं की पुढे पेस्ट परतली जात नाही, नुसती उकळते.

लाल पेस्ट मी विकत का आणायला सांगते तेही इथेच कळेल, कारण घरी करायची तर ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटाला, दोन्ही भिजवून, बिया काढून, मग वरचाच सगळा व्याप, आणि एवढं करून डब्यातल्यापेक्षा फरक पडतो तो थोडाच. हौस असेल तर जरूर करा. मसामनचं थोडक्यात सांगते: त्यात दालचिनी, वेलची, लवंग असते, सोबत बटाटा आणि शेंगदाणे, म्हणजे घरात नवीन चवीला नाक मुरडणारी मोठी माणसं असतील तर सुरुवात मसामननेच करावी, आणि तीही डब्यातली चालते. पिवळी सौम्य असते, मुलांना आवडते, तिच्याबद्दल फार काही लिहिण्यासारखं नाही.

नारळाच्या दुधाचा निर्णय मात्र पेस्टइतकाच महत्त्वाचा आहे. थाई पद्धतीत आधी घट्ट दूध कढईत आटवतात, त्याचं तेल सुटलं की त्या तेलात पेस्ट परततात, आपण वाटण तेल सुटेपर्यंत परततो तेच. घरी खवलेल्या नारळाचं पहिलं जाड दूध काढलंत तर हे अगदी व्यवस्थित होतं: दहा-बारा मिनिटांत कडेला बुडबुडे बारीक होतात, आवाज उकळण्याचा असतो तो तळण्याचा होतो, आणि पारदर्शक तेल दिसायला लागतं. टेट्रापॅक आणि टिनच्या दुधात बरेचदा ते फुटू नये म्हणून स्टॅबिलायझर घातलेले असतात, त्यामुळे कितीही आटवलं तरी तेल सुटत नाही, पांढरी लापशी होते. अशा वेळी थांबून राहू नका, दोन चमचे खोबरेल किंवा कुठलंही बिनवासाचं तेल घेऊन त्यात पेस्ट मंद आचेवर परता, मग दूध. नारळाच्या दुधाची पावडर मी या करीला नाही सुचवणार, तिच्यात बहुतेक वेळा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड) असतं आणि पुष्कळदा दुधाचं प्रथिनही, चव सपाट लागते. कमी फॅटवालं दूधही नको, ते पातळ पाणीच असतं.

म्हणजे ज्यांच्याकडे नारळ खवायला वेळ आहे पण पेस्ट वाटायला नाही त्यांनी डब्यातली लाल पेस्ट आणि घरचं दूध असा मेळ घालावा, हा मला सगळ्यात फायद्याचा वाटतो. उलटं, म्हणजे घरची पेस्ट आणि टेट्रापॅक, हेही चांगलं होतं. दोन्ही डब्यातलं असेल तर कामाच्या दिवशी अर्ध्या तासात जेवण होतं, फक्त वरून टाकायची मकरूटची पानं विसरू नका.

भाज्या घालताना एवढंच बघा की करी पातळसर असायला हवी. कॉर्नफ्लोअर लावून दाट करू नका, मूळची ग्रीन करी चमच्याने भातावर वाढण्याइतकी पातळ असते. छोटी हिरवी वांगी, चवळीच्या शेंगा, मशरूम, टोफू किंवा चिकन, काहीही चालतं. शेवटी थाई बेसिल घालतात, त्याला बडीशेपेसारखा वास असतो. आपली तुळस त्याच्या जागी फार उग्र होते. फालुद्यात घालतो तो सब्जा कुंडीत पेरला तर त्याची पानं येतात, तो बेसिलच्याच जातीचा, वास तंतोतंत तसा नाही पण तुळशीपेक्षा पुष्कळ जवळचा.

बरोबर भात कुठला, तर जस्मिन मिळाला तर उत्तम, नाहीतर इंद्रायणी, बासमती नको, तो रस धरत नाही. थायलंडमध्ये हीच करी तांदळाच्या ताज्या शेवयांवरही घालून खातात. कोकणात नारळाच्या गोड रसाबरोबर शिरवाळे करणारी घरं आहेत, त्यांनी पुढच्या वेळी थोडे शिरवाळे बाजूला ठेवून त्यावर ग्रीन करी घालून बघाच. आणि पेस्ट वाटणारच असाल तर दुप्पट वाटा, बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीज करा, गोठली की वड्या काढून पिशवीत ठेवा, महिना-दोन महिने रंग आणि वास चांगला राहतो, एका माणसाच्या करीला दोन वड्या पुरतात.