साइटच्या कुंपणाला पत्रा की रिसायकल प्लॅस्टिक?

मुंबईत बांधकाम म्हटलं की निळा पत्रा आलाच. २०२३ च्या ऑक्टोबरात पालिकेने धुळीचे नियम काढले, तेव्हा ७० मीटरहून उंच इमारतींभोवती किमान ३५ फुटी पत्रा लावायला सांगितलं. एवढ्या उंचीला माझ्या मते पत्राच बरा.

कारण वजन. प्लॅस्टिक हलकं, ही समजूत इथे फसवते. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला ४ किलोच्या आसपास भरतो. रिसायकल प्लॅस्टिकची, म्हणजे वेफर्सच्या पाकिटांचा चुरा तापवून दाबलेली, १२ मिलिमीटरची शीट सहज तिप्पट. शिवाय उन्हात ती पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त फुगते. स्क्रूचं भोक मोठं ठेवलं नाही, तर शीटला पोट येणारच.

पण वरळी-वर्सोव्याच्या खाऱ्या हवेत पत्रा कापलेल्या कडेपासून गंजतो. ही शीट गंजत नाही, भिजूनही फुगत नाही. पादचाऱ्यांच्या उंचीचं कुंपण, साइट ऑफिसचं क्लॅडिंग (भिंतीवरचं बाहेरचं आवरण), वॉचमनची केबिन यांना मी तीच घेईन. हात कापायची भीती नाही. रात्री चोरीलाही कमी जाते, कारण भंगारवाला पत्र्याला लगेच भाव देतो!

वेल्डिंग चालू असेल तिथे मात्र ती नकोच. ठिणगीने पेटू शकते. क्लॅडिंगसाठी घेताना आगीच्या चाचणीचा दाखला मागा.