भार टांगायचा आहे: एक तार, दोन उभ्या, दोन तिरप्या की तीन?

समजा 1000 न्यूटनचा, म्हणजे साधारण 102 किलोचा भार टांगायचा आहे. तार माइल्ड स्टीलची, व्यास 3 मिमी, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ 7.07 चौ. मिमी. तारेतला ताण भागिले क्षेत्रफळ म्हणजे प्रतिबल, हे सगळ्यांना पाठ असतं. गणित चुकतं ते ताण काढताना.

एकच उभी तार घेतली तर प्रतिबल 141 मेगापास्कल (म्हणजे न्यूटन प्रति चौ. मिमी; पुढचे प्रतिबलाचे आकडेही यातच). दोन उभ्या तारा आणि भार बरोबर मधोमध असेल तर प्रत्येकीत 71. वर हुक हव्या त्या जागी बसवता येत असतील तर मी डोळे झाकून दोन उभ्या तारा घेईन.

भार एका बाजूला झुलू नये म्हणून किंवा हुक लांब-लांब आहेत म्हणून तारा तिरप्या बांधाव्या लागतात. इथे भार पेलतो तो ताणाचा फक्त उभा घटक. म्हणून प्रत्येक तारेतला ताण = भार ÷ (2 × साइन θ), θ हा आडव्या रेषेशी होणारा कोन. (कोन उभ्या रेषेपासून दिला असेल तर साइनऐवजी कोसाइन, परीक्षेत मार्क जातात ते इथेच.) 60 अंशांना प्रतिबल 82, 45 ला 100. 30 अंशांना थेट 141, म्हणजे दोन तारा असूनही प्रत्येकीवर एकट्या तारेइतकाच ताण! 15 अंशांना 273 होतं, आणि माइल्ड स्टील 250 च्या आसपासच कायमचं ताणलं जातं. सुरक्षिततेसाठी सोडायची जागा तर अजून धरलेलीच नाही. 45 च्या खाली मी तरी जाणार नाही.

दोन उभ्या तारांच्या मधे तिसरी उभी तार घातली की प्रतिबल 47 वर येईल असं वाटतं. पण तारा 2 मीटर लांब आहेत आणि मधली फक्त 1 मिमी जास्त आहे असं धरा. बाहेरच्या दोन तारा पूर्ण भाराखाली 0.7 मिमीच लांबतात (यंगचा मापांक, म्हणजे ताणाला पदार्थ किती दाद देत नाही त्याचं माप, 200 गिगापास्कल धरून). मधली ढिलीच राहते, भार दोघींवरच. टर्नबकलने (फिरवून तार घट्ट-सैल करायच्या स्क्रूच्या जोडाने) तिन्ही तारा नीट जुळवता येत असतील तरच हा पर्याय घ्या. नाहीतर दोनच तारा 4 मिमीच्या लावा: प्रतिबल 40, तिघींपेक्षाही कमी.