हायबरी स्क्वेअर, लंडन: मैदानातच मुक्काम

मुलीने भाड्याने घेतलेल्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं तीन आठवडे राहिलो. खिडकीखाली बाग आहे, आणि ही बाग म्हणजेच आर्सेनल या फुटबॉल क्लबचं जुनं मैदान. 1913 पासून 2006 पर्यंत इथे फुटबॉल चालला. शेवटच्या सामन्यात विगन संघाविरुद्ध आर्सेनलच्या थिएरी आँरीने तीन गोल मारले आणि गुडघे टेकून गवताचा मुका घेतला. रोज सकाळी त्या हिरवळीकडे बघत चहा प्यायचो, तेव्हा हे आठवून अंगावर काटा यायचा.

मला सगळ्यात आवडलं ते इथलं जतन. 1936 चा ईस्ट स्टँड वारसा यादीत आहे, त्यामुळे पाडला नाही, आतच घरं बसवली. अव्हेनेल रोडवरून तो अजून स्टेडियमच वाटतो. एकदा हिने भिंतीवरची तोफेची खूण, म्हणजे क्लबचं चिन्ह, हाताने दाखवली, मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो. वेस्ट स्टँडचा दर्शनी भागही राखलाय. दोन्ही टोकांचे स्टँड मात्र गेले, तिथे नव्या इमारती आहेत.

तक्रार एकच. लिफ्ट चार दिवस बंद होती, देखभालवाल्यांना तीनदा फोन केले. हिच्या गुडघ्यांचे फार हाल झाले.

आर्सेनल ट्यूब स्टेशन अगदी जवळ. नवं स्टेडियमही चालत जाण्याइतकंच. सामन्याच्या दिवशी गोल झाला की आरोळी थेट बागेपर्यंत येते. फुटबॉलवेड्या माणसाने इथे जरूर राहावं.