थंडीत क्रॅश होणारे ‘ओसी’ कार्ड : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यावरच्या ‘ओसी’ (ओव्हरक्लॉक्ड, म्हणजे वेग वाढवलेले) या दोन अक्षरांसाठी मी एप्रिल २०२४ मध्ये एकोणीसशे रुपये जास्त मोजले. त्याच कंपनीचे, एनव्हिडियाच्या त्याच १२ जीबी आरटीएक्स ३०६० चिपचे साधे कार्ड दुकानात शेजारीच ठेवलेले होते, पण वेग कारखान्यातूनच वाढवून आलेला असेल तर तो तपासूनच वाढवलेला असणार, असे मी गृहीत धरले. कार्ड बनवणाऱ्या कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण वॉरंटीची तक्रार अजून मिटलेली नाही.

पहिले सात महिने मी या कार्डाचे सर्वांकडे कौतुक करत होतो. आवाज कमी, तापमान आटोक्यात आणि १०८० पिक्सेलवर ‘द विचर ३’ हा खेळ उत्तम चालत असे. डिसेंबरात मात्र रात्री खेळ सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत, बहुतेकदा नकाशा उघडताच, चित्र गोठू लागले. पडदा क्षणभर काळा होई, खेळ बंद पडे आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (संगणकातील घडामोडींची नोंदवही) ४१०१ या क्रमांकाची नोंद सापडे : डिस्प्ले ड्रायव्हरने (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) प्रतिसाद देणे थांबवले होते व तो पुन्हा सुरू झाला.

या नोंदीचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. व्हिस्टापासून विंडोजमध्ये अशी व्यवस्था आहे की ग्राफिक्स चिपने दिलेले काम दोन सेकंदांत पुढे सरकले नाही, तर प्रणाली ती चिप अडकली असे मानून ड्रायव्हर नव्याने सुरू करते. म्हणजे ही नोंद चिप अडकल्याचे सांगते, कशामुळे अडकली ते सांगत नाही. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जमध्ये) ही मुदत ठरवणारे ‘टीडीआर-डिले’ वाढवून दोन सेकंदांचे दहा करण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला. मी तो करून पाहिला आणि गोठलेल्या चित्राकडे दोनऐवजी दहा सेकंद पाहत बसावे लागले, एवढाच बदल झाला. मायक्रोसॉफ्टनेही हे सेटिंग केवळ चाचणीसाठी बदलावे असे म्हटलेले आहे.

प्रथम माझा संशय खेळावर होता. डिसेंबर २०२२ च्या अपडेटपासून हा खेळ डायरेक्टएक्स (खेळ आणि ग्राफिक्स कार्ड यांना जोडणारी विंडोजची प्रणाली) ११ आणि १२ अशा दोन्ही प्रकारांत चालवता येतो, म्हणून मी दोन्ही चालवून पाहिले. क्रॅश दोन्हींत आला, तेव्हा खेळावरचा संशय मी मागे घेतला. सेफ मोडमध्ये डीडीयू हे ड्रायव्हर समूळ काढणारे साधन वापरून ड्रायव्हर पूर्ण काढून पुन्हा घातला, रॅम रात्रभर तपासली आणि मित्राचा ६५० वॅटचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) दोन दिवस लावून पाहिला. कशानेही फरक पडला नाही.

दुकानदाराचे म्हणणे होते की कार्ड गरम होत असावे. म्हणून कॅबिनेटची बाजू उघडून मी समोर टेबल फॅन लावला, आणि त्या रात्री अर्ध्या तासात खेळ दोनदा बंद पडला. आमच्या निफाडची थंडी सर्वांना ठाऊक आहे. खोलीत स्वेटर घालून बसावे लागत होते. कार्ड जितके थंड, तितके क्रॅश अधिक, ही गोष्ट माझ्या तोपर्यंतच्या समजुतीच्या अगदी उलट होती.

एचडब्ल्यूइन्फो या वेग व तापमान टिपणाऱ्या प्रोग्रॅमची नोंद सुरू ठेवून चार रात्री खेळल्यावर कारण दिसू लागले. या चिपचा बूस्ट (भार असताना गाठायचा) वेग एनव्हिडियाने १,७७७ मेगाहर्ट्झ सांगितलेला असला, तरी तापमान आणि वीज यांत वाव असेल तर चिप त्याच्याही वर जाते आणि तापत गेली की टप्प्याटप्प्याने खाली येते. माझे कार्ड उन्हाळ्यात १,९३५ च्या आसपास थांबत असे. थंडीत, नकाशा उघडून भार हलका झाला की, ते ४२ अंशांवर १,९८० ला पोचे, आणि प्रत्येक क्रॅशच्या आधीची शेवटची नोंद तीच असे. कारखान्यात वाढवलेला वेग या शेवटच्या टप्प्यावर टिकत नव्हता.

हे कळण्याआधीच मी कार्ड पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला पाठवून बसलो होतो. कुरिअरचे सहाशे चाळीस रुपये माझे गेले आणि बारा दिवसांनी ‘दोष आढळला नाही’ या शेऱ्यासह कार्ड परत आले. त्यांनी अर्धा तास फरमार्क हा कार्डावर कमाल भार टाकणारा चाचणी प्रोग्रॅम चालवला होता. फरमार्क कार्डाला इतकी वीज ओढायला लावते की १७० वॅटची मर्यादा गाठून वेग आपोआप उतरतो. माझ्याकडे तो १,६५० च्याही खाली आला. ज्या वेगावर कार्ड अडकते तो वेग त्या चाचणीत कधी येतच नाही, म्हणून अशा चाचणीत ते उत्तीर्णच होणार. मी ही सर्व आकडेवारी जोडून पुन्हा लिहिले, तेव्हा मूळ वेगावर कार्ड व्यवस्थित चालते, सबब बदली देता येत नाही, असे उत्तर आले.

मूळ वेगावर ते चालते, हे खरे आहे. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या ‘हेल्प’ मेनूमध्ये ‘डीबग मोड’ आहे, जो अशा वाढीव वेगाच्या कार्डाला एनव्हिडियाच्या मूळ वेगावर आणतो. तो लावल्यावर सहा रात्रींत एकही क्रॅश झाला नाही. नंतर मी आफ्टरबर्नर या वेग बदलण्याच्या प्रोग्रॅममध्ये कोअर क्लॉक (चिपचा वेग) ४५ मेगाहर्ट्झने कमी केला आणि गेले नऊ आठवडे खेळ एकदाही बंद पडलेला नाही. दर सेकंदाच्या फ्रेममधला फरक दोनचा आहे. खेळताना तो जाणवत नाही.

त्यामुळे कार्डाविषयीचे माझे मत आता पुन्हा बरेचसे चांगले झाले आहे, पण ते साध्या कार्डाविषयीचे मत आहे. ज्या वेगासाठी मी एकोणीसशे रुपये दिले तो मला स्वतःच्या हाताने काढून टाकावा लागला, आणि जो वेग बिलावर विकला तो वॉरंटीत मोजायचा नाही, ही भूमिका मला मान्य नाही. आज मी साधे कार्डच घेतले असते आणि उरलेल्या पैशांत एक एसएसडी बसवला असता.

आता मार्च सुरू आहे, खोली तापू लागली आहे आणि वेगातली ही ४५ ची कपात काढून टाकली तरी कार्ड कदाचित निमूट चालेल. वॉरंटी एप्रिल २०२७ पर्यंत आहे, म्हणजे अजून दोन हिवाळे हाती आहेत. येत्या डिसेंबरात कपात काढून, एचडब्ल्यूइन्फोची नोंद आणि पडद्याचे चित्रीकरण एकाच वेळी चालू ठेवून, मी तोच नकाशा उघडणार आहे आणि ते चित्रीकरण तक्रारीसोबत पाठवणार आहे.