पॅकेट ट्रेसर: नेटवर्किंगला पुरेपूर, सिक्युरिटीला अर्ध्या वाटेपर्यंत

बीसीए असो, बीएस्सी ईसीएस असो की पॉलिटेक्निकचं आयटी, नेटवर्किंगचा विषय लागला की सिस्कोच्या पॅकेट ट्रेसरशी, म्हणजे पडद्यावर नेटवर्क मांडून चालवून बघायच्या सॉफ्टवेअरशी, गाठ पडतेच. सोलापुरात बार्शी, मोहोळ, अक्कलकोटहून एसटीने ये-जा करणारी मुलं खूप. त्यांना कॉलेजच्या लॅबमध्ये मशीनसमोर बसायला वेळ तोकडाच मिळतो. घरच्या लॅपटॉपवर राउटर-स्विच मांडून बसता येणं ही त्यांच्यासाठी फार मोठी सोय आहे. सॉफ्टवेअर फुकट आहे. सिस्को नेटवर्किंग अकॅडमीच्या साइटवर खातं काढायचं आणि डाउनलोड करायचं. विंडोज, उबंटू, मॅक तिन्हींवर चालतं. पाचपैकी चार तारे.

पहिल्याच दिवशी तीन गोष्टी घाबरवतात. स्विचला पीसी जोडला की केबलच्या टोकाचा ठिपका नारिंगी दिसतो. काही बिघडलेलं नसतं. स्विचचा स्पॅनिंग ट्री (पॅकेटं गोल गोल फिरत राहू नयेत म्हणून केलेली तपासणी) 15 सेकंद ऐकण्यात आणि 15 सेकंद शिकण्यात घालवतो, मग ठिपका हिरवा होतो. मुलं मधेच केबल काढून पुन्हा लावतात आणि ते 30 सेकंद परत पहिल्यापासून मोजले जातात. राउटरचे ठिपके मात्र लालच राहतात, कारण राउटरचे पोर्ट मुळात बंद असतात. प्रत्येक पोर्टवर जाऊन ‘नो शटडाऊन’ द्यावंच लागतं. तिसरं, राउटरपलीकडच्या पीसीला केलेला पहिला पिंग, म्हणजे ‘पोचतंय का?’ अशी हाक. चारपैकी पहिलं उत्तर ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येतं आणि पुढची तीन नीट येतात. राउटरला समोरच्याचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा पत्ता) माहीत नसतो, तो एआरपीने, म्हणजे ‘हा आयपी कुणाचा?’ असं सगळ्यांना विचारून, येईपर्यंत पहिलं पॅकेट वाया जातं. सिम्युलेशन मोडमध्ये हेच पाकीट एकेक पाऊल पुढे ढकलून बघा. आधी एआरपीचं पाकीट सगळ्या पीसींकडे जातं, एकटाच उत्तर देतो, बाकीचे ते टाकून देतात. फळ्यावर तासभर समजावूनही जे डोक्यात शिरत नाही, ते इथे दोन मिनिटांत डोळ्यांना दिसतं. चारांतले तीन तारे या एकाच सोयीचे.

सरावासाठी पुस्तकातलं ‘कंपनी ए, कंपनी बी’ घेऊ नका. आपल्या एमआयडीसीतला चादरीचा कारखाना घ्या: ऑफिस, यंत्रमाग विभाग, शोरूम. तिघांना व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी नेटवर्कं) 10, 20, 30. एक 2960 स्विच, एक 2911 राउटर, मधे तिन्ही व्हीलॅनची वाहतूक नेणारी एकच ट्रंक केबल. 192.168.10.0 चे /26 ने तुकडे पाडले की प्रत्येकी 64 पत्ते, त्यातले वापरायला 62. ऑफिसला 1 ते 62, यंत्रमागाला 65 ते 126, शोरूमला 129 ते 190. राउटरच्या सबइंटरफेसवर (एकाच पोर्टचे व्हीलॅनप्रमाणे पाडलेले भाग) आधी ‘एनकॅप्सुलेशन डॉट वन क्यू’ आणि मगच आयपी द्यायचा. उलट केलंत तर राउटर आयपी घेतच नाही. आणि सबइंटरफेस सगळे बरोबर असूनही काहीच चालत नसेल, तर मूळ पोर्ट अजून बंद आहे का ते पाहा. दहातल्या आठ जणांचं घोडं तिथेच अडलेलं असतं.

सिक्युरिटीतली पोर्ट सिक्युरिटी, म्हणजे पोर्टवर ओळखीचाच पीसी चालू देणं, इथे छान शिकता येते. ‘स्विचपोर्ट मोड ॲक्सेस’ न देता थेट पोर्ट सिक्युरिटी लावायला गेलात तर स्विच कमांड नाकारतो. नीट लावल्यावर त्या पोर्टवरून ओळखीचा पीसी (ज्याचा मॅक पत्ता तिथे नोंदवलाय तो) काढून दुसरा जोडा आणि पिंग करा: पोर्ट बंद. आता जुना पीसी परत जोडला तरी पोर्ट बंदच. तो ‘एरर डिसेबल्ड’ झालेला असतो. हाताने ‘शटडाऊन’ आणि मग ‘नो शटडाऊन’ दिल्याशिवाय उठत नाही. ॲक्सेस लिस्टमध्येही (कुणाला जाऊ द्यायचं, कुणाला नाही याची यादी) असाच सापळा आहे. यंत्रमाग विभागाला ऑफिसकडे जाण्यापासून अडवणारी एक ओळ लिहिली आणि शेवटी बाकीच्यांना परवानगी देणारी ओळ विसरली, की त्या पोर्टवरून येणारं सगळंच अडतं, कारण प्रत्येक यादीच्या तळाशी न दिसणारी ‘सगळं नाकारा’ ही ओळ असतेच.

इथून पुढे मात्र हे सॉफ्टवेअर हात टेकतं, आणि तारा कापला तो इथेच. आत खरी सिस्कोची प्रणाली चालत नाही, तिची नक्कल चालते, म्हणून कमांड मोजक्याच. खऱ्या इंटरनेटवरची वाहतूक पाहायची तर पॅकेट पकडून दाखवणारं वायरशार्क हवं. हल्ला आणि बचाव शिकायचा तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकातच दुसरा संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) काली (सिक्युरिटी चाचणीचं लिनक्स) आणि मुद्दाम कच्चं ठेवलेलं दुसरं मशीन, दोन्ही बाहेर न जाणाऱ्या ‘होस्ट-ओन्ली’ नेटवर्कवर. त्याला 8 जीबी रॅम असलेली बरी. कॉलेजच्या किंवा शेजाऱ्याच्या वायफायवर हात साफ करू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000, कलम 66: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

व्हॉट्सॲपवर सीनियरची तयार फाइल फिरते. ती उघडून सगळे ठिपके हिरवे पाहिले की काहीच शिकणं होत नाही. त्याऐवजी जर्नलच्या डाव्या पानावर आकृती आणि आयपीचा तक्ता पेनने काढा. उजवीकडे प्रत्येक पिंगआधी ‘लागेल’ किंवा ‘लागणार नाही’ असं लिहा आणि खाली कारण एका ओळीत, आपल्या मराठीत. अंदाज चुकला तर खोडू नका. तोंडी परीक्षेत ‘हे का चाललं नाही?’ असंच विचारतात, आणि त्याचं उत्तर त्या चुकलेल्या ओळीतच असतं.

सबमिशनआधी एक पाहून ठेवा: नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. लॅबच्या मशीनवर ‘हेल्प’मधून ‘अबाउट’ उघडा, आकडा टिपून घ्या आणि घरी तीच आवृत्ती टाका. फाइल सेव्ह करण्याआधी प्रत्येक राउटर आणि स्विचवर ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ द्या. नाहीतर लॅबमध्ये कुणी राउटरचं पॉवर बटण दाबलं की तुमचं सगळं कॉन्फिगरेशन गेलं.