पर्यावरणाचा आंतरविद्याशाखीय पदव्युत्तर अभ्यासक्रम : १६ महिन्यांनंतरचा अनुभव

दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातले १६ महिने झाले. प्रवेश घेण्याआधी मी असाच कुणाचा तरी सविस्तर अनुभव शोधत होते, पण हाती आली ती फक्त माहितीपत्रकं. म्हणून जरा लांबलचक लिहिते आहे. माझी पदवी रसायनशास्त्राची. वर्गात अर्थशास्त्र, स्थापत्य अभियांत्रिकी, समाजशास्त्र, कायदा, प्राणिशास्त्र शिकून आलेले लोक आहेत, आणि इतिहास शिकलेला एकजण आहे. विद्यापीठाचं नाव देत नाही, कारण मला जे सांगायचं आहे ते अशा बहुतेक अभ्यासक्रमांना लागू पडेल असं वाटतं.

हा अभ्यासक्रम निवडल्याचा मला आज आनंद आहे. पहिलं सत्र संपलं तेव्हा मात्र नव्हता.

त्या सत्रात परिसंस्थाशास्त्र, पर्यावरण रसायन, संसाधनांचं अर्थशास्त्र, कायदा व धोरण आणि संख्याशास्त्र असे पाच विषय होते. प्राध्यापक आपापल्या विभागातून यायचे, तास घ्यायचे आणि जायचे. ओझोनचा विषय तीन वेळा आला. रसायनाच्या तासाला मोलिना आणि रोलंड यांचा १९७४ चा शोधनिबंध, म्हणजे सीएफसीमधून (फ्रिज आणि फवाऱ्याच्या डब्यांत वापरल्या जाणाऱ्या रसायनांमधून) सुटलेला क्लोरीन ओझोन कसा फोडत जातो ते. कायद्याच्या तासाला या रसायनांवर बंधनं घालणारा १९८७ चा माँट्रियल करार. अर्थशास्त्राच्या तासाला पर्यायी रसायनांचा खर्च. बाकीच्या दोघांनी काय शिकवलं हे तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. शोधनिबंध आणि करार यांच्यामधल्या १३ वर्षांत नेमकं काय घडलं? उद्योगांनी विरोध का केला, मग तो का मावळला, १९८५ साली अंटार्क्टिकावरचा ओझोनचा खड्डा जाहीर झाल्याने किती फरक पडला? मी आले होते ती याच प्रश्नांसाठी, आणि त्यांना वेळापत्रकात एकही तास नव्हता.

तरीही त्याच सत्रात एक गोष्ट घडली. अर्थशास्त्राच्या प्राध्यापिकांनी फळ्यावर लिहिलं : १०० वर्षांनी १०० एकक नुकसान होणार आहे, त्याची आजची किंमत किती? सूट-दर, म्हणजे पुढची किंमत आजच्या हिशेबात वर्षागणिक किती घटवायची तो दर, वर्षाला १.४ टक्के धरला तर साधारण २५, आणि ४ टक्के धरला तर जेमतेम २. नुकसान तेच, नातवंडं तीच. हवामान बदलावरच्या २००६ च्या स्टर्न अहवालात दर १.४ टक्क्यांच्या आसपास होता आणि त्यावरून अर्थतज्ज्ञांमध्ये मोठा वाद झाला. मी मनात म्हटलं, अर्थशास्त्रात मतं असतात, आमच्या रसायनात तसं नसतं. पुढच्याच आठवड्यात मिथेनचं गणित आलं. कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत मिथेन किती तापवतो? २० वर्षांचा हिशेब केला तर सुमारे ८० पट, १०० वर्षांचा केला तर ३० पटही नाही, कारण हवेत तो साधारण १२ वर्षंच टिकतो. मी आजवर १०० वर्षांच्या हिशेबातला २८ हा आकडा रेणुभारासारखा वापरत होते, जणू तो त्या रेणूचाच गुणधर्म आहे. किती वर्षांचा हिशेब मांडायचा हे कुणीतरी ठरवलेलं असतं, हे पदवीच्या तीन वर्षांत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

दुसऱ्या सत्रातला एक विषय मात्र दोन प्राध्यापकांनी एकाच वर्गात, एकाच वेळी उभं राहून शिकवला : भूरसायनाचे एक आणि समाजशास्त्राच्या एक. विषय होता बांगलादेशातलं आर्सेनिक. तळ्यांच्या आणि नद्यांच्या दूषित पाण्याने मुलं जुलाबाने दगावत होती, म्हणून १९७० च्या दशकापासून गावोगाव कूपनलिका बसवल्या गेल्या. जंतूंपासून सुटका झाली, पण खालच्या गाळात आर्सेनिक होतं. नद्यांनी वाहून आणलेल्या त्या गाळात ते लोहाच्या ऑक्साइडांना चिकटून बसलेलं असतं. जमिनीखाली ऑक्सिजन संपला की सूक्ष्मजीव त्या लोहावर आपलं भागवतात, लोह विरघळतं आणि आर्सेनिक पाण्यात मोकळं होतं. इथवर भूरसायनवाले सर बोलले. मग तपासणी करून रंगवलेले पंप आले : आर्सेनिक मर्यादेबाहेर असेल तर लाल, आत असेल तर हिरवे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम, बांगलादेशाची ५०. म्हणजे ३० निघाले तर पंप हिरवा. इथे समाजशास्त्राच्या मॅडम बोलू लागल्या. हिरवा पंप दुसऱ्याच्या अंगणात असेल तर ते अंगण पाणी भरणाऱ्या बाईला खुलं आहे का? आर्सेनिकमुळे अंगावर डाग उमटलेल्या माणसांना लोक का टाळू लागले? मर्यादा १० वर आणली तर किती पंप लाल होतील, आणि मग ते लोक पुन्हा तळ्याचं पाणी पिणार नाहीत कशावरून? दोघं आमच्यासमोर वाद घालत होते, एकमेकांना थांबवून शंका विचारत होते. संपूर्ण अभ्यासक्रमात सर्वांत जास्त मी त्या तासांना शिकले. असे विषय आणखी दोन-तीन असते तर मी आज काही तक्रारच केली नसती.

आता तिसऱ्या सत्रातल्या गटप्रकल्पाबद्दल. यावर जास्त लिहिणार आहे, कारण माझ्या मते या पदवीचा जीव तिथे आहे.

आम्ही पाचजण आणि वस्तीलगतचं एक छोटं तळं, उन्हाळ्यात हिरवंगार होणारं. पाणी माझ्याकडे, मुलाखती समाजशास्त्राच्या मित्राकडे, सांडपाण्याचा आराखडा स्थापत्यवाल्या मैत्रिणीकडे, आणि बाकी दोघं कायदा आणि खर्च पाहणार. प्रयोगशाळा दहाला उघडायची, म्हणून मी अकराच्या सुमारास नमुने घ्यायचे. शैवाल वाढवणारं फॉस्फरस भरपूर निघालं, ते अपेक्षितच होतं. पण विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ११ मिलिग्रॅमच्या वर! पाणी हिरवं असलं तरी माशांना धोका नाही, असं मी मसुद्यात लिहूनही टाकलं.

मित्राने घेतलेल्या एका मुलाखतीत म्हातारे मासेमार म्हणाले होते, ‘मासे पहाटे वर येऊन तोंड वासतात, ऊन चढलं की खाली जातात.’ हे वाक्य सामायिक फाइलमध्ये तीन आठवडे पडून होतं. मुलाखतीचा मजकूर तपासायची पाळी माझी आली तेव्हा मी ते वाचलं आणि हातातला पेन खाली ठेवला. दिवसा शैवाल उन्हात ऑक्सिजन सोडतं. रात्री तेच शैवाल आणि तळाचा कुजणारा गाळ मिळून तो वापरून टाकतात. मी रोज तळ्याची सर्वांत चांगली वेळ मोजत होते.

आम्ही पहाटे गेलो. पाण्यातला ऑक्सिजन मोजायच्या विंकलर पद्धतीत बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड घातलं की ऑक्सिजन असल्यास तपकिरी साका धरतो, नसल्यास पांढराच राहतो. त्या पहाटेचा साका टॉर्चच्या उजेडात जवळजवळ पांढरा दिसत होता. ऑक्सिजन २ च्याही खाली. मासेमारांनी उपकरणाशिवाय जे सांगितलं होतं ते मला बाटलीत दिसलं, आणि तेही मी त्यांच्या सांगण्यावरून वेळ बदलली म्हणून.

त्यानंतर गटाचं बोलणंच बदललं. मैत्रिणीचा आराखडा होता की सांडपाणी वळवलं की तळं सुधारेल. फॉस्फरसच मुख्य दोषी हे तर पक्कंच आहे. कॅनडातल्या ‘लेक २२६’ या तलावात १९७३ साली मधोमध पडदा लावून एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन घातलं, दुसऱ्या बाजूला त्यांच्या जोडीला फॉस्फरसही, आणि फॉस्फरसची बाजूच हिरवी झाली. पण आमच्या तळ्याच्या गाळात आधीचंही फॉस्फरस साठलेलं होतं, लोहाला चिकटून. तळाशी ऑक्सिजन संपला की लोह विरघळतं आणि फॉस्फरस सुटतं. हे लिहिताना माझ्या लक्षात आलं की ही तर बांगलादेशच्या गाळातलीच गोष्ट, फक्त आर्सेनिकच्या जागी फॉस्फरस. म्हणजे गटार वळवलं तरी तळं काही वर्षं हिरवंच राहू शकतं. त्यावर कायद्याच्या मित्राने विचारलं, ‘आज येणाऱ्या सांडपाण्याला मालक आहे, गाळात बसलेल्याची नोटीस कुणाला काढायची?’ त्या प्रश्नावर आमची अख्खी संध्याकाळ गेली आणि अहवालातलं सर्वांत चांगलं प्रकरण त्यातून निघालं.

आता नाराजी. अहवाल दोन परीक्षकांकडे गेला. एकांनी लिहिलं, १४ मुलाखतींवरून संख्याशास्त्रीय निष्कर्ष कसा काढता? दुसऱ्यांनी लिहिलं, आलेख फार झाले, माणसं कमी दिसतात. गुण दोघांच्या मधले मिळाले. १४ मुलाखती सरासरी काढायला घेतलेल्याच नव्हत्या. कुठे आणि केव्हा मोजायचं हे त्यांनी आम्हाला सांगितलं. दोन शाखा एकत्र शिकवणाऱ्या विभागाकडे दोन्ही प्रकारचे पुरावे तोलण्याची एक सामायिक पद्धत नसावी, याचं मला खरंच वाईट वाटलं. आम्ही लेखी म्हणणं दिलं आहे. मुलाखतींसाठी नीतिमत्ता समितीची परवानगीही फार उशिरा आली. आणखी थोडा उशीर झाला असता तर उन्हाळा हातचा गेला असता.

कामाचा ताण : वाचन प्रचंड. विज्ञानातून येणाऱ्यांना पन्नास पानी धोरण-लेख वाचायची सवय नसते आणि सामाजिक शास्त्रांतून येणाऱ्यांना संख्याशास्त्र जड जातं. पूर्वतयारीचे वर्ग आहेत, पण घाईघाईत उरकतात. आर (संख्याशास्त्रासाठीचं सॉफ्टवेअर) आणि क्यूजीआयएस (नकाशांसाठीचं) आधीच थोडं हाताळून या.

कुणी यावं? पदवीत एखादा विषय मनापासून केला असेल तर जरूर या. माझ्याकडे रसायन नसतं तर मासेमारांचं ते वाक्य माझ्यासाठी नुसतं वाक्यच राहिलं असतं. आपला विषय आवडत नाही म्हणून इकडे वळणाऱ्यांची दोन वर्षं फार ओढाताणीची जातात, मी जवळून पाहिलं आहे. गटात काम करणं ज्यांना नकोसं होतं त्यांनीही नीट विचार करावा.

प्रवेशाआधी विभागात जाऊन काही गोष्टी विचारा. दोन प्राध्यापक एकत्र शिकवतात असे विषय किती? प्रबंधाला दोन वेगळ्या शाखांचे मार्गदर्शक मिळतात का? परीक्षक कोण निवडतं? जुने दोन प्रबंध मागून घ्या आणि त्यातलं पद्धतीचं प्रकरण वाचा. एकाच शाखेची पद्धत दिसली आणि दुसरी नुसती प्रस्तावनेत असली तर समजा की जोडकाम तुम्हालाच करावं लागणार. आणि हेही विचारा की पहाटे पाचला नमुने घेऊन आलात तर प्रयोगशाळा कोण उघडून देईल. आमच्याकडे त्याचं उत्तर मिळायला दीड महिना लागला.